चर्चच्या दारातला रांजण

आखाजी जवळ आली की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. थंडीतले दमेकरी दिसेनासे होतात. त्यांच्या जागी उलट्या-जुलाबाने मलूल झालेली लेकरे येतात, लग्नाच्या वरातीत चक्कर आलेले वऱ्हाडी येतात, आणि उन्हाळ कांदा काढता काढता शेतातच बसलेले मजूर येतात. मोसम खोऱ्यात मार्च ते मे हा कांदा काढणीचा हंगाम. मालेगावचा पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हाच आपल्याकडे माणसे सर्वांत जास्त वेळ उघड्यावर असतात. येणारा प्रत्येक जण एकच मागणी करतो, ''डॉक्टर, एक सलाईन लावून द्या.'' बाटलीतल्या मीठपाण्यावर लोकांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा तांब्यातल्या मीठ-साखरपाण्यावर नाही. याचा दोष लोकांचा थोडा आणि आम्हा डॉक्टरांचा जास्त.

आज लिहायचे आहे ते मात्र दवाखान्याविषयी नव्हे, एका ख्रिस्ती मंडळीच्या उन्हाळ्याविषयी. मी त्या मंडळीचा सभासद नाही. त्यांचा माझा संबंध आला तो एका आजींमुळे.

2025 साली गुड फ्रायडे 18 एप्रिलला होता. हा दिवस चंद्राच्या हिशेबाने ठरतो, म्हणून तो 20 मार्च ते 23 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. उशिरा आला की तो ऐन उन्हात सापडतो. त्या दिवशीची उपासना दुपारी 12 ते 3 अशी असते. येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. आमच्या भागातल्या एका लहानशा मंडळीचे चर्च पत्र्याचे आहे. सत्तरीच्या एक आजी पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता उपवासाला बसल्या होत्या. रक्तदाबाची, लघवी जास्त होणारी गोळी मात्र त्यांनी सकाळी नेमाने घेतली होती. पाचव्या उद्गाराच्या वेळी त्या बाकावरून खाली घसरल्या. हा पाचवा उद्गार तहानेचा आहे, हे मला नंतर पाळकसाहेबांनी सांगितले.

मी पोचलो तोवर बायांनी त्यांना दाराशी आणून वारा घातला होता. आजी बचावल्या. संध्याकाळी मी पाळकसाहेबांना म्हटले, ''ही उपासना सकाळी घेता येणार नाही का?'' ते शांतपणे म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, ते तीन तासच तर त्या दिवसाचा अर्थ आहेत. वेळ हलवता येणार नाही. बाकी काय हलवता येईल ते सांगा.''

हे उत्तर मला आवडले. श्रद्धेच्या जागी हात घालण्याचे मला कारण नव्हते आणि आजारपण त्यांना नको होते. मग पंच कमिटीबरोबर बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पत्र्यावर उसाचे पाचट टाकायचे. म्हाताऱ्यांची जागा दाराखिडक्यांजवळ ठेवायची. मध्ये दोनदा पाणी फिरवायचे. गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर बायांनी आणि वृद्धांनी निर्जळ उपवास धरू नये, असे आदल्या रविवारी व्यासपीठावरून पाळकांनीच सांगायचे. माझ्या चिठ्ठीवरचा सल्ला बहुधा फक्त मेडिकलवाला वाचतो. व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट सगळे घर ऐकते.

वाचकहो, उन्हात श्रद्धेने बसलेल्या गर्दीचे काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानात जमली होती. उष्माघाताने 14 जण गेले. 2024 च्या हज यात्रेत मक्केच्या उन्हाने तेराशेवर यात्रेकरूंचा बळी घेतला. ऊन कुणाचीही जात-धर्म विचारत नाही आणि भक्ती म्हणजे काही छत्री नव्हे.

मे महिन्यात याच मंडळीने सुटीतल्या मुलांची बायबल शाळा भरवली. आठ-दहा दिवस, सकाळची दोन-तीन तास. गाणी, गोष्टी, चित्रे, शेवटच्या दिवशी छोटे नाटुकले आणि सरबत. तेथे मला अर्ध्या तासाचे भाषण करायला बोलावले. मी डिहायड्रेशन, क्षार वगैरे शब्द वापरून भाषण ठोकले. मुले गप्प बसली होती, म्हणजे त्यांना समजले असे मी धरून चाललो. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. ''डॉक्टरकाका, सहा चमचे साखर म्हणजे कोणता चमचा? चहाचा की भाजीचा?''

मग मी भाषण थांबवले आणि पाकिटे काढली. म्हटले, करून दाखवा. पहिल्या मुलाने अख्खे पाकीट स्टीलच्या एका पेल्यात ओतले. दुसऱ्याने चिमूटभर घेऊन बाकीचे घडी घालून ठेवले. ''आमची आई असंच करते,'' तो म्हणाला. पंचवीस-तीस वर्षे मी ही पाकिटे आयांच्या हातात देत आलो आहे. एकीलाही माझ्यासमोर ते पाणी कालवायला मी सांगितले नव्हते. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवले तर रक्तातले मीठ वाढून बाळाला फिट येऊ शकते. चिमूट चिमूट दिले तर उपयोग होत नाही. त्या दिवशी शिकवायला मी गेलो होतो आणि शिकून मीच आलो.

आता हे काम मंडळीने करायचे काय कारण, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-ग्लुकोजचे पाणी कालवले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. शेकडा 30 च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा 4 च्या आत आले. पाजणाऱ्यांपैकी कोणाकडे पदवी नव्हती. महाराष्ट्रातले उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली तेथे काम सुरू केले. खेड्यातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जुलाबावरचे घरचे पाणी, बाळंतपण, पोषण या गोष्टी त्या बाया गावात बसून शिकवत. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीचे, आपल्या जिल्ह्यातले नाव म्हणजे शरणपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ते वसवले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आसरा मिळाला आणि ती हातचे काम शिकली. नाशकात शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल?

मंडळीच्या महिला मंडळाने मला विचारले, ''उन्हाळ्यात आम्ही काय करावे? मोफत तपासणी शिबिर ठेवू का?'' मी नको म्हटले. शिबिरात बॅनर लागतो, दोनशे जणांचा रक्तदाब मोजला जातो, लाल-पिवळ्या गोळ्या वाटल्या जातात, फोटो येतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जिथल्या तिथे. त्यापेक्षा दारात रांजण ठेवा. कांद्याच्या लिलावाला निघालेले ट्रॅक्टर त्या रस्त्याने जातात. पण एक अट सांगितली. पहिला पाऊस पडेपर्यंत रांजण कोरडा पडता कामा नये. आपल्याकडे पाडव्याला पुढाऱ्याच्या हस्ते पाणपोईचे उद्घाटन होते आणि आखाजीपर्यंत त्या माठात कोळी जाळे विणतो. पाणपोई उघडणे सोपे, चालवणे अवघड.

बायांनी वारी लावून घेतली. रोज दोघी. रांजण रिकामा करून घासायचा, पाणी गाळायचे, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचे, तोंड फडक्याने झाकायचे, लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी काढायचे. पेला रांजणात बुडवायचा नाही, कारण एका अस्वच्छ हाताने सगळ्या रस्त्याला जुलाब लागू शकतात.

कुरकुर व्हायची ती झालीच. ''आज पाणी पाजतील, उद्या वही काढतील,'' असे कट्ट्यावर कोणी बोलले. मंडळीतही वाद झाला. एका तरुणाला रांजणावर वचनाची पाटी हवी होती. ''आपले नाव सांगायला लाज कशाची?'' असे त्याचे म्हणणे. पाळकसाहेबांनी फक्त 'पिण्याचे पाणी' एवढेच लिहिले. माझ्या मते त्यांनी योग्य केले. तहानलेला माणूस लाचार असतो आणि लाचार माणसाकडून कशाचीही अपेक्षा ठेवू नये. माझ्या तपासणीच्या टेबलालाही हाच नियम लागू आहे. आणि ज्यांना त्या रांजणात कपट दिसते त्यांना माझे सांगणे, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आपलाही एक रांजण मांडा. ऊन दोन्ही बाजूंना सारखेच आहे.

पण रांजणाने माझे समाधान झाले नाही. त्याच मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास चाळिशीच्या एका मजुराला जीपमधून माझ्याकडे आणले. उक्ते काम घेतलेली टोळी होती. भर दुपारी तो पडला. अंग विस्तवासारखे, बडबड असंबद्ध. सोबत्यांनी त्याला तापाची गोळी भरवली, पत्र्याच्या शेडमध्ये निजवले, अंगावर चादर घातली आणि जीप मिळेपर्यंत वाट पाहिली. मी कपडे काढून पाणी ओतले, पंखा लावला, बर्फ लावला आणि त्याला मालेगावला रवाना केले. तो वाचला नाही. शेजारी विहिरीची मोटार चालू होती, असे नंतर त्याचा भाऊ मला म्हणाला. पाणी दहा पावलांवर होते. ते अंगावर ओतायचे असते, एवढेच तेथे कोणाला ठाऊक नव्हते.

त्या टोळीत मंडळीतले कोणी नव्हते. म्हणून मी पाळकसाहेबांना म्हटले, रांजण रस्त्यावरच्यांसाठी झाला, आता शिकवण शेतात जाऊ द्या. मंडळीतली निम्मी माणसे स्वतः मजुरीला जातात, वेगवेगळ्या टोळ्यांत. एका रविवारी उपासनेनंतर आम्ही एका तरुणाला बाकावर निजवून उष्माघाताच्या माणसाचे काय करायचे याची तालीम केली. लोक हसले, पण शिकले. ते सोमवारी आपापल्या टोळीत गेले. सेवा म्हणतात ती हीच. माझ्या दवाखान्याचे दार एक आहे, त्यांची दारे पन्नास शेतांत आहेत.

वाचकांनी पुढील गोष्टी कापून ठेवाव्यात.

1. उन्हात कोणी बरळू लागला, बेशुद्ध झाला किंवा फिट आली तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. त्याच वेळी 108 ला फोन करा. गाडीची वाट पाहताना पाणी ओतणे थांबवू नका. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

2. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलेले माप वाचा. मोठे पाकीट एक लिटरसाठी, लहान 200 मिलिलिटरसाठी असते. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. 24 तासांनी उरलेले फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड रंगीत पेये म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांवर ते नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 साली मनाई केली.

3. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांची औषधे चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात गोळी आणि पाणी किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये.

4. टोळीत नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडाभर हलके काम द्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. काम पहाटे सुरू करून 12 ते 4 थांबवावे. मालकांनी आणि मुकादमांनी हे मनावर घेतले तर माझे निम्मे काम कमी होईल.

मारुतीच्या देवळात शनिवारी, मशिदीत शुक्रवारी आणि चर्चमध्ये रविवारी माणसे न बोलावता जमतात. एवढी माणसे एका जागी, दर आठवड्याला, आपण होऊन येतात, असे भाग्य कोणत्याही सरकारी आरोग्य योजनेला लाभलेले नाही. एका लहान मंडळीने त्याचा उपयोग करून दाखवला. पाऊस यायला अजून अवकाश आहे. तुमच्या दारातला रांजण आज सकाळी कोणी घासला, तेवढे पाहून या.