कानस पुरत नाही, यंत्र हवे

ठाण्याची राबोडी, मुंब्रा, कल्याणचा दूधनाका, डोंबिवली स्टेशनचा रस्ता, कुठेही पाहा, कानस घेऊन बसलेला चावीवाला भेटेल. त्यांत आमचे बांधवही आहेत. हल्ली त्यांच्यावर एक आळ वारंवार येतो. नवी बनवलेली चावी मोटारीचे दार उघडते, पण इंजिन चालू होत नाही. गिऱ्हाईक म्हणते, फसवले! आम्हाला हा आळ मंजूर नाही. खोट कारागिराच्या दानतीत नसते. कमी पडते ती माहिती, आणि ती गिऱ्हाइकालाही नसते.

आजच्या बहुतेक मोटारींच्या चावीच्या मुठीत एक बारीकशी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी फिरवली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते आणि ती आपली ओळख सांगते. गाडीतल्या कॉम्प्युटरला ओळख पटली तरच इंजिन चालते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी सोय सक्तीची झाली. दाते कितीही बिनचूक घासा, ही ओळख कानशीने येत नाही. यंत्र लावून ती गाडीत नोंदवावी लागते.

दार उघडण्याचे बटण ही निराळी चीज. टीव्हीचा रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो, मध्ये माणूस आला की अडतो. मोटारीचा चालतो रेडिओलहरींवर, आणि दर वेळी त्याचा सांकेतिक आकडा बदलतो. रिमोट आणि गाडी एकाच हिशेबाने पुढे सरकतात, जणू दोन मुनीम दोन पेढ्यांवर एकच खतावणी लिहीत आहेत. कालचा आकडा कोणी टिपून ठेवला तरी आज गाडी तो मानत नाही.

आमच्या कापड लाइनीने इथे कान टवकारावेत. दुकानाच्या आणि गोदामाच्या मोटरवाल्या शटरला जे स्वस्त रिमोट बसवतात, त्यांतल्या अनेकांचा आकडा कायम एकच असतो. नक्कल करणारा रिमोट शेजारी धरला की दुसरा तयार! लाखोंचा माल आणि राखण अशी? शटरवाल्याला ‘रोलिंग कोड आहे का’ असे स्पष्ट विचारा, आणि खालचे जुने कुलूप काढून टाकू नका.

चावीवाल्या बंधूंना चिप नोंदवण्याचे यंत्र एकट्याने घेणे जड जाते. चौघांनी भागीत घ्यावे, व्याजाच्या पैशाने नको. घरातला आयटीआय झालेला मुलगा हे काम लवकर उचलेल. मात्र एक वही ठेवा. आरसी बुक आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय चावी बनवू नका, कारण दुसऱ्याची चावी ही अमानत आहे.

मोटारवाल्यांनीही पावती जपावी. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हा एक कुठे गेली हे सांगता आले पाहिजे. आणि चावी हरवली असेल तर नवी करताना जुनीची नोंद गाडीतून पुसून घ्या. नाही तर ती ज्याला सापडेल, त्याच्या हाती गाडी चालू होईल.