विश्लेषण : नेट नसतानाही ई-मेल, पण साठा किती दिवसांचा?

जुलैअखेरीस पीकविम्याची मुदत जवळ आली, की ताडकळससारख्या (ता. पूर्णा, जि. परभणी) बाजारपेठेच्या गावात सेवा केंद्र, बँक आणि पतसंस्थेत गर्दी वाढते. नेमकी तेव्हाच रेंज गेली, तरी जिल्ह्याहून आलेले पत्र कर्मचाऱ्याला संगणकावर वाचता येते. ही सोय ऑफलाइन ई-मेलची. मात्र हा साठा किती ठेवायचा, हे बहुतेक कार्यालयांत कोणीच ठरवत नाही. खरा धोका तिथेच आहे.

साठा म्हणजे नेमके काय?
मूळ ई-मेल सर्व्हरवर असतो. त्याची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवली जाते, तिला कॅशे म्हणतात. आउटलुकमध्ये ही सोय २००३ च्या आवृत्तीपासून आहे. त्यात ३ दिवसांपासून ‘सर्व’पर्यंत कालावधी निवडता येतो. मोठी डिस्क असलेल्या संगणकावर तो सहसा आपोआप १ वर्षाचा असतो. जीमेलमध्ये क्रोम ब्राउझरवर ७, ३० किंवा ९० दिवसांचा पर्याय मिळतो. कालावधी कमी केला म्हणून जुने मेल नष्ट होत नाहीत. ते सर्व्हरवर राहतात, फक्त पाहण्यासाठी नेट लागते.

जास्त साठा ठेवला तर काय बिघडते?
पहिला फटका वेगाला. वर्षभराचे मेल आणि त्यांना जोडलेली स्कॅन केलेली कागदपत्रे उतरवताना कमकुवत नेटचा बराच वेळ त्यातच जातो. आउटलुकची साठ्याची फाइल काही जीबीपर्यंत फुगली, की जुना संगणक रखडतो.

दुसरा धोका गोपनीयतेचा. आधार, सातबारा, बँक पासबुक यांच्या प्रती मेलने येतात आणि साठ्यात पडून राहतात. एकाच संगणकावर तिघे-चौघे बसत असतील किंवा तो दुरुस्तीला गेला, तर लोकांची कागदपत्रे परक्या हाती जाऊ शकतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तिसरा धोका गैरसमजाचा. नेट नसताना ‘पाठवा’ दाबले, की मेल ‘आउटबॉक्स’मध्ये थांबतो. कर्मचाऱ्याला वाटते, उत्तर गेले. मुदत संपल्यावर कळते, की ते गेलेच नव्हते. नुकसान मात्र अर्जदाराचे होते.

मग करायचे काय?
ऑफलाइन मेल बंद करणे हा उपाय नाही. जिथे नेटचा भरवसा नाही, तिथे ती गरजच आहे. पण तिला मर्यादा हवी. रोजच्या कामाला साधारण महिनाभराचा साठा पुरतो. लेखा किंवा वसुलीसारख्या विभागाला ३ महिने ठेवावेत. अनेकजण वापरतात त्या संगणकावर ऑफलाइन मेल चालूच करू नये. जीमेलमध्ये लॉगआउट होताच साठा काढून टाकण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करून घ्यावी. संगणक दुरुस्तीला, भंगारात किंवा बदलीनंतर दुसऱ्याला देण्याआधी साठा पुसावा. आणि कार्यालय बंद करताना, दिव्याचे बटन बंद करतो तसे, आउटबॉक्स रिकामा आहे का ते पाहावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी ठरवावे लागते. तो निर्णय संगणक बसवून जाणाऱ्या तंत्रज्ञावर सोडण्याचा नाही. तो कार्यालयप्रमुखाने घ्यावा आणि एका कागदावर लिहून भिंतीला लावावा. शेतकऱ्याने विश्वासाने दिलेल्या आधारच्या प्रतीची जबाबदारी शेवटी त्याच कार्यालयाची आहे.