सैनिकाचा संशय आणि सरकारी दप्तर

युद्धावरून परतलेल्या सैनिकाला शेजाऱ्याच्या नजरेत हेर दिसू लागावा आणि ज्या सरकारसाठी आपण लढलो तेच आता आपल्या जिवावर उठले आहे अशी त्याची खात्री पटावी, या कथाबीजावर पाश्चात्त्य रंगभूमीने व चित्रपटसृष्टीने अनेक थरारनाट्ये उभी केली आहेत. परंतु ट्रेसी लेट्स या अमेरिकन नाटककाराचे 1996 साली लंडनमध्ये प्रथम रंगमंचावर आलेले ‘बग’ हे नाटक आणि त्यावरून विल्यम फ्रीडकिन यांनी 2006 साली दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट यांनी या विषयाचा जो तळ गाठला आहे, तो फार थोड्या कलाकृतींना गाठता आला असेल.

कथा घडते ती ओक्लाहोमा संस्थानातील एका मोटेलच्या खोलीत. ॲग्नेस या बारमध्ये काम करणाऱ्या स्त्रीचा मुलगा काही वर्षांपूर्वी दुकानातून नाहीसा झालेला असतो आणि तिला मारझोड करणारा नवरा नुकताच तुरुंगातून सुटलेला असतो. अशा एकाकी अवस्थेत पीटर हा आखाती युद्धातला सैनिक तिच्या आश्रयाला येतो, अंथरुणात एक किडा सापडल्याचे सांगतो, आणि पाहता पाहता लष्करी डॉक्टरांनी आपल्या देहातच हे किडे पेरले आहेत, अशा निष्कर्षापर्यंत जाऊन पोचतो. दातात किड्यांची अंडी आहेत म्हणून तो स्वतःचा दात पकडीने उपटून काढतो. खोलीच्या भिंती चकचकीत धातूच्या वर्खाने मढवल्या जातात. आणि अखेर ती दोघेही स्वतःला जाळून घेतात. लासेग व फाल्रे या फ्रेंच वैद्यांनी 1877 साली दोन व्यक्तींत वाटून घेतल्या जाणाऱ्या उन्मादाचे जे वर्णन केले, ते येथे सजीव होऊन आपल्यासमोर उभे राहते; आणि ॲग्नेस त्या भ्रमात सामील होते ती मूर्ख आहे म्हणून नव्हे, तर हरवलेल्या मुलाच्या दुःखाला त्या भ्रमात निदान काहीतरी कारण सापडते म्हणून, हे या कृतीचे सर्वांत मोठे मर्म आहे.

तथापि प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तो बहुधा एक भयंकर वेडा पाहिल्याच्या भावनेने, आणि येथेच माझा या प्रकारच्या थरारनाट्यांशी मतभेद सुरू होतो. आघातोत्तर मनोविकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान दिले. त्या विकाराने पीडित झालेला सैनिक फटाक्याच्या आवाजाने दचकतो, उपाहारगृहात भिंतीला पाठ लावून दरवाजाकडे तोंड करून बसतो, रात्र रात्र जागून काढतो. परंतु ज्या सावधपणाने रणांगणावर त्याचा जीव वाचवला तोच सावधपणा घरी आल्यावर त्याची पाठ सोडत नाही, एवढाच बहुतेकांच्या बाबतीत याचा अर्थ असतो. अशा सैनिकांपैकी बहुसंख्यांना पीटरसारखे भ्रम होत नाहीत, आणि त्यांच्यापासून इतरांना धोकाही नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पीटर ज्या संशयाने पछाडला आहे त्या संशयाला इतिहासात आधार नाही असे कोणालाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मेरीलँड संस्थानातील एजवुड आर्सेनल या लष्करी केंद्रात सुमारे 20 वर्षे हजारो सैनिकांवर रासायनिक द्रव्यांचे प्रयोग झाले. जेम्स स्टॅनली हे सार्जंट वायुरोधक मुखवटे व संरक्षक कपडे तपासण्याच्या कामी स्वेच्छेने 1958 साली तेथे गेले आणि त्यांच्या नकळत त्यांना एलएसडी हे मादक द्रव्य पाजण्यात आले. त्यानंतर त्यांना भास होऊ लागले, स्मृती दगा देऊ लागली, मध्यरात्री उठून ते पत्नीला व मुलांना मारहाण करीत आणि सकाळी त्यातले काहीच त्यांना आठवत नसे. 1969 साली ते लष्करातून मुक्त झाले, पुढच्याच वर्षी त्यांचा संसार मोडला. आणि 1975 साली, त्या प्रयोगाचे दीर्घकालीन परिणाम अभ्यासण्यासाठी सहकार्य मागणारे लष्कराचे पत्र हाती पडले तेव्हा कोठे आपल्या देहावर व मनावर काय गुदरले होते हे त्यांना प्रथम समजले. त्यांनी दाद मागितली. परंतु 1987 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, ही हानी लष्करी सेवेच्या ओघात झाली असल्यामुळे नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही, असा निकाल दिला. पुढे अमेरिकन काँग्रेसला त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला, तेव्हाच त्यांच्या पदरात भरपाई पडली.

पीटरच्या स्वतःच्या युद्धाची कथाही फारशी निराळी नाही. मार्च 1991 मध्ये अमेरिकन सैनिकांनी इराकमधील खमिसिया येथील दारूगोळ्याची कोठारे उडवून दिली. त्यांत सारिन या विषारी वायूची रॉकेटे होती, ही गोष्ट पेंटॅगॉनने जाहीरपणे मान्य केली ती 1996 साली, म्हणजे लेट्स यांचे नाटक रंगमंचावर आले त्याच वर्षी. तोवर थकवा, अंगदुखी आणि स्मृतिभ्रंश यांची कैफियत मांडणाऱ्या कित्येक सैनिकांना हा मनाचा खेळ आहे असे सांगून परत पाठवण्यात येत असे. पुढे 2008 साली अमेरिकन सरकारनेच नेमलेल्या सल्लागार समितीने, युद्धावर गेलेल्या सुमारे 6 लक्ष 97 हजार सैनिकांपैकी निदान चौथा हिस्सा खऱ्याखुऱ्या व्याधीने ग्रस्त आहे, असा अभिप्राय नोंदवला.

या सगळ्याचा अर्थ पीटरचे किडे खरे होते असा मुळीच नाही. ते भ्रमच होते आणि त्यांवर औषधोपचारच हवा होता. माझे म्हणणे इतकेच आहे की, सरकार जेव्हा असत्य बोलते तेव्हा ते खरा संशय आणि खोटा संशय यांच्यामधली भिंतच पाडून टाकते. मग ‘असे कधी घडत नसते’ हे वाक्य वैद्याला रोग्यापुढे निश्चिंत मनाने उच्चारता येत नाही, आणि घरच्या माणसांनाही त्याच्या भयाला उत्तर सापडत नाही. युद्धकाळी गुप्तता अपरिहार्य असते, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. परंतु ती मोहिमांच्या आराखड्यांपुरती असावी. सैनिकाच्या स्वतःच्या शरीरात काय घातले गेले आणि त्याच्या श्वासातून काय गेले, हे त्याच्यापासून लपवण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला असू शकत नाही. जॉन ह्यूस्टन यांनी दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांवर लष्करासाठीच काढलेला ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट लष्करानेच 1946 पासून 1980 पर्यंत दडपून ठेवला. त्या पडद्यावर दिसणारे रडणारे, थरथरणारे तरुण जर जनतेने वेळेवर पाहिले असते, तर पुढच्या युद्धांतून परतलेल्यांकडे तिने अधिक समजुतीने पाहिले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या देशात या बाबतीत एक आश्वासक पाऊल पडलेले आहे. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदपत्रांत कोणत्याही रोगाची नोंद नाही, त्याला पुढे व्याधीमुळे सेवेतून मुक्त केले गेले तर ती व्याधी सेवेमुळेच जडली असे गृहीत धरावे, ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची राहील आणि संशयाचा फायदा सैनिकाला मिळेल, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली अपंगत्वाच्या पेन्शनच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. हे तत्त्व केवळ निकालपत्रात राहू नये. मनोविकाराच्या प्रकरणांतही ते तितक्याच निष्ठेने अमलात यावे, कारण सातारा-कोल्हापूरच्या ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत मुले धाडली, त्या गावांतील घरांचा या न्यायावर हक्क आहे.

वाचकांनी ‘बग’ अवश्य पाहावा. परंतु पीटरच्या वेडाने थरारून जाऊन तेवढ्यावर थांबू नये. आपल्या ओळखीचा एखादा निवृत्त जवान काही विचित्र बोलू लागला तर त्याला वेड्यात काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, त्याला वैद्याकडे नेण्यासाठी सोबत करावी, आणि त्याच्या सेवेची व प्रकृतीची सर्व कागदपत्रे त्याच्या हाती देण्याचा आग्रह सरकारपाशी धरावा.