व्हायरल लोड दबला. हृदयाकडे कोण पाहणार?

जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील एआरटी (एचआयव्हीवरील अँटीरेट्रोव्हायरल उपचार) केंद्रात गोळ्या घ्यायला येणाऱ्यांत आता चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे आहेत. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा एवढे आयुष्य गृहीत धरण्याचे धाडस कोणी केले नसते. हे यश मोठे आहे. पण एड्सपासून वाचवलेली ही माणसे हृदयविकाराच्या झटक्याने गमावण्याचा धोका समोर उभा आहे आणि तो व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या, अहवालात दिसत नाही.

एचआयव्हीबाधितांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. विषाणू दबला तरी शरीरात मंद दाह चालूच राहतो आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर पोखरतो. त्यात औषधांची भर पडते. जुन्या रुग्णांनी घेतलेल्या स्टॅव्ह्युडिनने शरीरातील चरबीचा तोल बिघडवला, इफाविरेन्झने कोलेस्टेरॉल वाढले, तर दुसऱ्या फळीतील रिटोनाव्हिरयुक्त औषधांनी ट्रायग्लिसराइड्स चढतात. आजचे डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानाने सौम्य, पण त्यानेही अनेकांचे वजन वाढते. तंबाखू, बीपी आणि शुगर आहेतच.

म्हणून गोळ्या सोडायच्या का? मुळीच नाही. २००६ च्या ‘स्मार्ट’ अभ्यासात उपचार मध्येच थांबवणाऱ्यांत मृत्यू तर वाढलेच, हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही वाढले. उपाय वेगळा आहे आणि तो हाताशी आहे. ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत भारतासह १२ देशांतील ७,७६९ एचआयव्हीबाधित सहभागी होते. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधाची रोज एक गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि तशा इतर गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानंतर अमेरिकेने ४० ते ७५ वयोगटातील बाधितांसाठी स्टॅटिनची शिफारस मार्गदर्शक सूचनांतच घातली.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती लपवाछपवीची. छातीत दुखले की माणूस आधी ‘ॲसिडिटी’ म्हणून अंगावर काढतो. मग खासगी दवाखान्यात जातो आणि एआरटीचे नावही काढत नाही, कारण परतूर-मंठ्याच्या गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. डॉक्टर बिचारा नकळत स्टॅटिन लिहून देतो. रिटोनाव्हिरबरोबर सिम्व्हास्टॅटिन गेले तर स्नायूंची नासाडी होऊ शकते, ॲटोर्व्हास्टॅटिनचाही डोस जपूनच द्यावा लागतो. भेदभावावर बंदी घालणारा एचआयव्ही कायदा २०१८ पासून लागू आहे. तरीही रुग्ण खरे बोलायला घाबरतो, तो दोष त्याचा नाही.

म्हणून ही तपासणी एआरटी केंद्रातच झाली पाहिजे, गोळ्यांच्या त्याच फेरीत. चाळिशीपुढील प्रत्येकाचे बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल वर्षातून एकदा तपासावे आणि गरज असेल त्याला स्टॅटिन तिथूनच मोफत द्यावे. असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम सरकारी रुग्णालयांतूनच चालतो, तो एआरटीशी जोडायला नवी इमारत लागत नाही. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेने आणि जिल्हा आरोग्य प्रशासनाने हा निर्णय आताच घ्यावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड-घनसावंगीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पुढचे काही महिने परतत नाहीत. त्यांच्यातील रुग्णांचे रक्त त्याआधी तपासले गेले पाहिजे.