उमेद बाळगा म्हणजे नेमके काय करा?

सकाळी मोबाइल उघडला की पहिले पाच-सहा संदेश एकाच छापाचे असतात. उगवता सूर्य, गुलाबाचे फूल आणि खाली मजकूर : सकारात्मक राहा, सगळे चांगले होईल. जुम्याच्या दिवशी त्याच चित्रावर मिनार येतो, मजकूर तोच राहतो. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण गेली काही वर्षे मी पाहतो आहे की हे वाक्य धीर देण्यासाठी कमी आणि समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी जास्त वापरले जाते. कुणी अडचण सांगायला लागला की म्हणायचे, 'अरे, पॉझिटिव्ह राहा ना!' झाले, विषय संपला.

आज या वाक्याबद्दल स्पष्ट लिहायचे आहे. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बसून 'आपलं काहीच होणार नाही' म्हणणाऱ्यांबद्दलही. लोकांना वाटते की हे दोघे एकमेकांचे विरोधक आहेत. मला ते एकाच बाकावर बसलेले दिसतात. दोघांनाही उठायचे नाही, एवढाच त्यांचा समान कार्यक्रम आहे.

आधी गोड बोलणाऱ्यांकडे वळू. शाळांमधून आता प्रेरणादायी व्याख्यानांची पद्धत पडली आहे. वक्ता येतो, माइक हातात घेऊन इकडून तिकडे फिरतो आणि मुलांना सांगतो : तुम्ही जसा विचार करता तसे तुम्ही बनता; अपयशाचे कारण बाहेर शोधू नका, ते तुमच्या डोक्यात आहे. मुले टाळ्या वाजवतात. त्या मुलांत एकीचे वडील मोंढ्यात हमाली करतात. दुसरीची आई दिवसभर विड्या वळते आणि ही मुलगी शाळेतून गेल्यावर तिला मदत करते, मग रात्री त्याच खोलीत एका कोपऱ्यात अभ्यास करते. तिला 'तुझ्या परिस्थितीला तुझा विचार जबाबदार' असे सांगणे याला मी प्रेरणा म्हणत नाही. गरिबाच्या डोक्यावर गरिबीचा आरोपही ठेवणे असे त्याचे खरे नाव आहे.

२००६ या एकाच साली दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. एक म्हणजे रॉन्डा बर्न यांचे 'द सीक्रेट' हे पुस्तक. माणूस ज्याचा विचार करतो ते त्याच्याकडे खेचले जाते, हा त्याचा सारांश. ते जगभर खपले, मराठीतही आले. दुसरी गोष्ट म्हणजे न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल. त्यात मनातल्या विचारांबद्दल काही नव्हते. शाळा, रस्ते, बँकेचे कर्ज आणि नोकऱ्या यांचे आकडे होते. सहा ते चौदा वयाच्या दर चार मुस्लिम मुलांपैकी एक कधी शाळेत गेलेच नव्हते किंवा शाळा सोडून बसले होते. २००१च्या जनगणनेत मुसलमान लोकसंख्येच्या १३.४ टक्के होते, पण आयएएसमध्ये ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के. याच अहवालाने आणखी एक गैरसमज दूर केला. मुसलमानांची बहुतेक मुले मदरशातच जातात असे सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात शाळेच्या वयाच्या मुलांत हे प्रमाण जेमतेम चार टक्के निघाले. म्हणजे आईबापांना शाळा हवीच होती. ती जवळ नव्हती, परवडत नव्हती किंवा तिच्यातून पुढे वाट दिसत नव्हती.

आता सांगा, या मुलांनी काय चुकीचा विचार केला होता म्हणून त्यांच्या मोहल्ल्यात शाळा नव्हती?

अन्सार शेख यांचा फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे, वडील रिक्षाचालक, आणि २०१६ साली वयाच्या २१व्या वर्षी यूपीएससी पास. फोटोखाली लिहिलेले असते, 'मनात आणले तर अशक्य काही नाही.' पण अन्सार यांनी स्वतः आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती त्या फोटोखाली कधी नसते. पुण्यात शिकताना मुस्लिम नावामुळे खोली मिळेना, म्हणून त्यांना शुभम हे मित्राचे नाव सांगावे लागले. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही, आणि तिच्यापुढे हात टेकून घरीही परतले नाहीत. माझ्या मते त्यांच्या यशाइतकाच हा धडा मोठा आहे. आपण मात्र अर्धा धडा फळ्यावर लिहितो आणि उरलेला अर्धा पुसून टाकतो.

आता बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे. दरवर्षी पालकसभेनंतर कुणीतरी वडील थांबतात आणि म्हणतात, 'पढको क्या फायदा सर? नौकरी कोन देनेवाला हमना?' पोराला गॅरेजवर किंवा फळाच्या गाड्यावर लावायचे हे घरी आधीच ठरलेले असते. मुलगी असेल तर सातवी झाली, पुरे झाले. हे म्हणणे पूर्ण खोटे असते तर मला त्रास झाला नसता. वर दिलेले आकडे त्या वडिलांनी वाचलेले नसतात, पण त्यांनी ते भोगलेले असतात. त्यांच्या तोंडावर 'पॉझिटिव्ह राहा' फेकणे हा त्यांचा अपमान आहे.

मात्र त्यांच्या बोलण्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. दार अरुंद आहे हे खरे. म्हणून दारापर्यंत जायचेच नाही, हे कुठले शहाणपण? न शिकलेल्याला ते दार रुंद होते का? आणि चहाच्या हॉटेलात बसून हेच वाक्य रोज बोलणारे जे शिकलेले लोक आहेत, त्यांच्याबद्दल तर मला रागच आहे. त्यांची स्वतःची मुले सेमी इंग्रजीत शिकतात. नाउमेदी ते दुसऱ्यांच्या मुलांना वाटतात.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली. सुटका नसलेला त्रास वारंवार सोसलेला प्राणी पुढे सुटण्याची संधी असूनही हलत नाही. तो असहाय असायला शिकतो, असे त्यांनी म्हटले. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे याच दोघांनी आपले म्हणणे उलटे फिरवले. असहायता शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासात ती आपोआप येते. शिकावे लागते ते हे, की आपण केलेल्या कृतीने काहीतरी बदलते. मला शिक्षक म्हणून यापेक्षा महत्त्वाचे वाक्य माहीत नाही. आपल्या हातून काही बदलते हा अनुभव मुलाला कुणीतरी द्यावा लागतो. तो भाषणाने मिळत नाही. केलेले काम एकदा तरी तडीस गेलेले त्याला दिसावे लागते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. नोकरीची गोड स्वप्ने जास्त रंगवणाऱ्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. कारण समजायला सोपे आहे. स्वप्नातच पोहोचलेला माणूस चालायचा कंटाळा करतो.

म्हणून मी उमेद कशाला म्हणतो ते एका उदाहरणाने सांगतो.

२०२२ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. छोट्या वर्गातल्या मुलांना वर्षाला हजार रुपये मिळत होते. वही, चप्पल, दप्तर यासाठी ते कामाला यायचे. यावर गोड बोलणारे म्हणाले, 'पैशाने काही होत नसतं, जिद्द पाहिजे.' रडणारे म्हणाले, 'बघा, सगळं बंद केलं.' दोन्ही बाजूंची चर्चा महिनाभर चालली.

त्याच काळात आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, होती आणि आजही आहे. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुले तिला बसू शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत ५५ टक्के हवेत. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. पेपर उर्दूतूनही देता येतो. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, सरावाने जमण्यासारखे. माझा प्रश्न एवढाच आहे : त्या महिनाभराच्या चर्चेत हे नाव किती जणांनी घेतले? आपल्या मोहल्ल्यातल्या आठवीच्या किती मुलांना ते माहीत आहे?

आणि फॉर्म भरणे म्हणजे काय ते शिक्षकालाच विचारा. आधारवर 'आयशा', जनरल रजिस्टरमध्ये 'आएशा', बँकेच्या पासबुकात आडनाव आधी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या तीन खेपा, आणि प्रत्येक खेपेला वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते. इथे उमेद लागते. दाखला काढायला त्या बापाबरोबर कुणीतरी जाणे ही उमेद. त्याच खेपेत पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती पुन्हा सुरू करा असे निवेदन पन्नास सह्यांनिशी देऊन पोच घेणे, हीसुद्धा उमेदच. मागणी करणारा नकारात्मक असतो असे कुणी सांगितले? ज्याला काही बदलेल असे वाटतच नाही, तो निवेदन कशाला लिहील?

मुलींचेही तसेच. बऱ्याच गावांत उर्दू शाळा सातवीला संपते. पुढची शाळा मराठी, आणि ती लांब. इथे 'सगळं चांगलं होईल' म्हणून काही होत नाही. चार घरच्या मुली एकत्र पाठवल्या तर चारही आयांना धीर येतो. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची ती योजना आहे. आणि आठवीच्या आधीच्या उन्हाळ्यात दोन महिने मराठीचा वर्ग घेतला तर निम्मी भीती जाते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलींना मराठी अवघड जाते असे मला कधी दिसले नाही. वर्गात हसू होईल याची भीती तेवढी जड जाते, आणि ती सरावाने जाते.

इथे कुणी म्हणेल, 'सर, आपण तवक्कुल ठेवावा, अल्लाह पाहून घेईल.' मग सूरह यूसुफ पुन्हा नीट वाचू या. हजरत याकूब यांचा लाडका मुलगा हरवला, पुढे दुसराही दुरावला. ते इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे पडले. एका पैगंबराच्या दुःखाची ही नोंद कुरआनने लपवलेली नाही. त्यांना कुणी 'पॉझिटिव्ह राहा' म्हटले नाही. आणि तेच याकूब आपल्या मुलांना सांगतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. क्रम लक्षात घ्या. आधी शोधायला जा, मग निराश होऊ नका. घरी बसा आणि निराश होऊ नका, असे ते म्हणत नाहीत.

आपण मात्र सब्रचा अर्थ गप्प बसणे आणि तवक्कुलचा अर्थ हातपाय न हलवणे असा करून ठेवला आहे. मराठीत याला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात आणि त्यावर हसतात. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, अशी शिकवण असलेल्या लोकांनी तरी खाटल्यावर पडून राहू नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दुःख झाले तर रडा, ते कमकुवतपणाचे लक्षण नाही. अन्याय झाला तर त्याला अन्यायच म्हणा, सूर्य-फुलांनी तो झाकू नका. पण त्यानंतर 'आता पुढची खेप कुठली?' हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. सेतू केंद्राची, शाळेची, एसटी स्टँडची, की निवेदन घेऊन साहेबाच्या टेबलाची? तुमची उमेद खरी आहे की नुसती बोलण्यापुरती, ते या प्रश्नाच्या उत्तरावरून कळते.

उद्या सकाळी फुलांचा संदेश आला तर पाठवणाऱ्याला सलाम करा आणि उलट एकच ओळ लिहा : तुमच्या गल्लीत आठवीला किती मुले आहेत, आणि त्यांचे उत्पन्नाचे दाखले निघाले का?