संगणक-कट्टा : अक्षरातले पैसे आणि आकड्यातले पैसे



आपल्यापैकी बरीच घरे १९९८-९९ च्या सुमारास अमेरिकेत आली ती 'वायटूके'चे, म्हणजेच कोबोलचे बोट धरून. आम्ही पेशाने रसायनवाले. पण मंडळाच्या जेवणावळीत या भाषेच्या गप्पा इतक्या ऐकल्या, की यावेळी तिच्यातल्या एका नाजूक जागेविषयी लिहायचे ठरवले.

कोबोल १९५९ साली आकाराला आली ती धंद्याच्या हिशेबासाठी. तिचा हिशेब दशमान पद्धतीने चालतो. दहा सेंट म्हणजे ०.१० ही साधी रक्कमही द्विमान अपूर्णांकात तंतोतंत बसत नाही, आणि पैशात तेवढीही तूट चालत नाही.

पण फाइलीतून येणारी रक्कम ही आधी नुसती अक्षरे असतात. '१२५.५०' मध्ये टिंबसुद्धा एक अक्षरच. उलट पिक ९(५)व्ही९९ या खणात टिंबाला जागाच नसते. 'व्ही' ही फक्त खूण : शेवटची दोन घरे सेंटची.

आता समजा, १२५ डॉलर ५० सेंट या अर्थाने कोणी '१२५५०' अशी अक्षरे पाठवली आणि ती सरळ 'मूव्ह' केली. कोबोल त्यांना पूर्णांक समजते. झाले १२,५५० डॉलर! प्रोग्राम कुरकुरतही नाही, चेक छापून मोकळा होतो.

खणात आकड्याऐवजी कचरा सापडला आणि त्यावर बेरीज सुरू झाली, तर आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर 'एस-झीरो-सी-सेव्हन' होऊन काम बंद पडते. रात्री दोनला झोपमोड करणाऱ्या या आजाराला घरोघरी शिव्या पडतात. आमच्या मते तो परवडला. निदान ओरडतो तरी! खरी भीती गुपचूप शंभरपट होणाऱ्या रकमेची. कोणाचा पगार, कोणाचे पेन्शन त्यात असते.

उपाय आहेत. १९८९ साली प्रमाण कोबोलमध्ये 'न्यूमव्हॅल' आले. ते टिंब आणि उणे चिन्ह ओळखून अक्षरांची किंमत काढते. डॉलरचे चिन्ह व स्वल्पविराम असतील तर 'न्यूमव्हॅल-सी' वापरावे. आपले १,२५,००० सुद्धा त्याला चालते. काही यंत्रांवर उत्तर फ्लोटिंग पॉइंटमध्ये येते, म्हणून खणात ठेवताना 'राउंडेड' लिहावे. जर्मनीत १.२५० म्हणजे साडेबाराशे. तिथल्या फाइलींसाठी 'डेसिमल-पॉइंट इज कॉमा' ही सोय आहे. आणि अलीकडच्या कोबोलमध्ये 'टेस्ट-न्यूमव्हॅल' आधीच तपासून देते : शून्य आले तर ठीक, नाहीतर पहिले चुकीचे अक्षर कितवे ते कळते.

प्रयोगशाळेत बिनलेबलाच्या बाटलीतला द्रव पाण्यासारखा दिसला म्हणून कोणी पाणी समजत नाही. पाठवणाऱ्याला एकदा विचारून घ्यावे : हे डॉलर की सेंट? तो प्रश्न कुठलेही फंक्शन आपल्यासाठी विचारणार नाही.

शंका असल्यास पुढच्या कार्यक्रमात आम्हाला चहाच्या टेबलाशी गाठावे.