नेट बदललं आणि ऑफिसचा फोन मुका झाला? पत्त्यांचा कागद मालकाकडेच हवा



नेटवाला येतो, जुना राउटर काढतो, नवा लावतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि सही घेऊन जातो. अर्ध्या तासाचं काम. बिलिंग चालू, व्हॉट्सॲप चालू, सगळे खूश. दुपारी कुणाच्या तरी लक्षात येतं की सकाळपासून टेबलावरचा फोन एकदाही वाजलेला नाही. मग टोलवाटोलवी सुरू. फोनवाला म्हणतो नेटवाल्याला विचारा, नेटवाला म्हणतो आमचं नेट तर चालू आहे. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. मधे अडकतो मालक.

माझं मत सरळ आहे. इंटरनेटवर चालणारा ऑफिस फोन घ्यायचा असेल, तर त्याचे पत्ते मालकाला माहीत असलेच पाहिजेत. जीएसटीचं काम सीए बघतो, पण लॉगिन आणि पासवर्ड आपल्याकडे असतोच ना? फोनचंही तसंच. मी बीबीए केलंय, इंजिनिअर नाही, पॅकिंग मटेरियलचं दुकान चालवतो. तरी एवढं समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. आणि न समजल्याची किंमत मोठी आहे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत गेलं तर निदान दिसतं तरी. न लागलेला फोन कुठेच दिसत नाही, ऑर्डर गुपचूप शेजारच्याकडे जाते.

आता पत्ता म्हणजे काय ते बघू. तुमच्या ऑफिसात प्रत्येक यंत्राला आतला एक नंबर असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. फोनचा मुख्य डबा, म्हणजे आयपी पीबीएक्स, या नंबरावर बसलेला असतो आणि टेबलावरचे सगळे फोन त्याला याच नंबरावर शोधतात. दुसरा पत्ता बाहेरचा. नेट कंपनी तुमच्या कनेक्शनला देते तो. फोन लाइन देणारी कंपनी तुम्हाला या पत्त्यावरून ओळखते. नेट बदललं की बाहेरचा पत्ता बदलतो, राउटर बदलला की आतला बदलू शकतो, आणि बरेचदा दोन्ही एकाच दिवशी बदलतात. दुकान जागेवरच आहे, पण नगरपालिकेने रस्त्याचं नाव आणि घरनंबर दोन्ही बदलले, तर कुरियरवाल्याचं काय होईल? तेच इथे होतं.

म्हणून फोनवाल्याला बोलावण्याआधी एकच गोष्ट तपासा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाला इंटरकॉम लागतो का?

लागत नसेल, फोनच्या स्क्रीनवर रजिस्टर होत नाही असा काहीतरी मेसेज असेल, तर बहुतेक आतला पत्ता बिघडलाय. जुना राउटर १९२.१६८.१ ची रांग वाटत होता, नवा १९२.१६८.० ची वाटतोय. डबा जुन्याच नंबरावर बसून राहिला, फोन नव्या गल्लीत गेले. इथे बरेच टेक्निशियन एकेक फोन उघडून नवा नंबर भरायला बसतात आणि प्रत्येक फोनचे पैसे लावतात. गरज नसते. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यालाच जुना पत्ता आणि जुनी रांग द्या, डबा आणि फोन आपोआप पुन्हा एका गल्लीत येतात. त्याच रांगेवर प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर असेल तर तोही जागेवर येतो. मात्र त्यासाठी जुनी रांग कोणती होती हे कुठेतरी लिहिलेलं हवं. नंतर आधी राउटर, मग डबा, मग फोन असे बंद-चालू करा. फोन आपली हजेरी ठरावीक वेळानेच लावतो, कित्येक फोनांत ती तासाभराने असते, त्यामुळे रीस्टार्ट न करता वाट बघत बसलात तर दुरुस्ती होऊनही फोन बंदच दिसेल.

इंटरकॉम लागतो पण बाहेरचा फोन येत-जात नाही, किंवा येतो पण आवाज नाही? मग बाहेरच्या पत्त्याकडे बघा. हा प्रकार जास्त फसवा आहे.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा केटरिंगचा व्यवसाय. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी नेट बदललं. फोन वाजायचा, त्या उचलायच्या, त्यांना समोरच्याचा आवाज यायचा नाही. समोरचा दोनदा हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचा. कुणीतरी सांगितलं की स्पीड कमी पडतोय, मोठा प्लॅन घ्या. त्यांनी घेतला. फरक शून्य.

पडणारच नव्हता. साध्या दर्जाच्या एका कॉलला एका दिशेने १०० केबीपीएससुद्धा लागत नाही. तुमचं नेट १०० एमबीपीएसचं असेल तर हे त्याच्या हजाराव्या भागाहून कमी झालं. आवाज तुटक येत असेल तर नेटचा दर्जा तपासावा. पण आवाज एका बाजूने पूर्ण गायब असेल तर ‘प्लॅन वाढवा’ हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

खरं कारण असं. या फोनमध्ये घंटी वाजवण्याचा निरोप वेगळा जातो आणि आवाज वेगळ्या वाटेने जातो. निरोप सहसा ५०६० या पोर्टवरून, एसआयपी नावाच्या पद्धतीने. त्या निरोपाच्या आतच लिहिलेलं असतं, ‘माझ्यासाठी आवाज अमुक पत्त्यावर पाठवा’. डब्याच्या सेटिंगमध्ये जुना बाहेरचा पत्ता कुणी हाताने भरून ठेवला असेल, तर घंटी नीट वाजते आणि समोरच्याचा आवाज जुन्या पत्त्याकडे निघून जातो. ताईंच्या डब्यात तेच निघालं. एका रकान्यातला जुना नंबर खोडून नवा टाकला, काम झालं. मोठ्या प्लॅनचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

यातलाच एक भाऊबंद आहे. कॉल लागतो, बोलणं सुरू होतं आणि दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी कटतो. ही खूण लक्षात ठेवा. कॉल उचलल्याची पोच एका बाजूला परत मिळत नाही, म्हणून ती बाजू वाट बघून कॉल सोडून देते. बरेचदा दोषी असतो नव्या राउटरमधला ‘एसआयपी एएलजी’ नावाचा पर्याय. मदत करायला म्हणून तो निरोपातले पत्ते मधेच बदलतो आणि घोळ घालतो. मी तर नवा राउटर आला की तो आधी बंद करायला सांगतो. त्यासोबत, जुन्या राउटरमध्ये फोनसाठी काही पोर्ट उघडून दिले असतील तर ते नव्यात पुन्हा द्यावे लागतात, आणि लाइन देणारी कंपनी पत्त्यावरून ओळखत असेल तर तिला नवा पत्ता ईमेलने कळवावा लागतो. फोनवर सांगू नका, लेखी द्या.

एवढं करूनही जमत नसेल तर राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ असं शोधल्यावर दिसणारा पत्ता जुळवून बघा. जुळत नाहीत आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर नेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. चाळीतला सामाईक नळच म्हणा. मग तुम्ही कितीही पोर्ट उघडा, बाहेरून तुमच्या डब्यापर्यंत काही पोचणार नाही. स्टॅटिक आयपी मागा. त्याला वेगळे पैसे पडतात, पण डबा दुकानात ठेवायचा असेल तर हा खर्च भाड्यासारखा धरा. आणि चार-पाचच फोन असतील तर माझ्या मते डबा दुकानात ठेवूच नका, क्लाउडवरची सेवा घ्या. तिथे फोन स्वतः बाहेर जाऊन हजेरी लावतो, त्यामुळे नेट बदलल्याचा त्रास बराच कमी होतो.

घाईघाईत एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. ‘सगळंच उघडून टाकतो साहेब, चालेल लगेच’ असं म्हणून डबा पूर्ण इंटरनेटसमोर उघडा ठेवणारे आहेत. चालतो, खरंय. पण उघड्या ५०६० वर टपून बसणारे जगभर आहेत. सोपा पासवर्ड सापडला की रातोरात तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. पोर्ट उघडायचाच तर फक्त लाइन देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यासाठी. परदेशात धंदा नसेल तर आयएसडी बंदच ठेवा.

आता तो कागद. एक पान पुरे, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. राउटरचा आतला पत्ता, डब्याचा पत्ता, बाहेरचा पत्ता, उघडलेले पोर्ट, लाइन कंपनीचा ईमेल आणि आपला ग्राहक क्रमांक. पासवर्ड वेगळ्या जागी. फोनवाला हे द्यायला कुरकुर करतो, कारण मग त्याच्या चार व्हिजिट कमी होतात. म्हणून शेवटचं पेमेंट हा कागद हातात आल्यावरच करा. एएमसीच्या करारातही एक ओळ टाकून घ्या, की नेट बदलल्यास फोन पुन्हा चालू करून देण्याची एक फेरी त्यात धरलेली आहे.

आणि नेट बदलायचं ते महिनाअखेरीला किंवा सोमवारी सकाळी नको. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, फोनवाल्याला आधी कळवून. शक्य असेल तर जुनं कनेक्शन आठवडाभर चालू ठेवा. नेटवाल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःच्या मोबाइलचं वायफाय बंद करून दुकानाच्या नंबरला फोन लावा, पोराला उचलायला सांगा आणि घड्याळ लावून एक मिनिट दोघांनी बोला. मग दुकानातून मोबाइलला लावा, तेही एक मिनिट.